सोनाजी मिस्त्रीचा धूर

प्रत्येक राज्याच्या उभारणीमागे अनाम माणसांचे कष्ट उभे असतात. हे वाक्य मी नोकरीत असताना अनेक भाषणांत ऐकलं, आणि त्यातली चार-पाच भाषणं मीच लिहून दिली होती. त्यामुळे ते खरं असावं असा माझा समज आहे. फक्त सोनाजी मिस्त्रीच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडत नाही. तो कशामागेही उभा नसे. तो मोटारीमागे आडवा पडलेला असे आणि धूर त्याच्या तोंडावर येत असे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचा जिल्हा थोड्याच वर्षांत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला होता. आम्ही मात्र बुलढाण्यातल्या त्याच इमारतीत, त्याच टेबलांशी बसलो होतो. बदललं होतं ते कागदांच्या डोक्यावरचं राज्याचं नाव. मी तिथे बडा बाबू होतो, आणि बाकीच्या जंजाळाबरोबर खात्याच्या मोटारींच्या फाइली माझ्याकडे होत्या. मोटारी म्हणजे दोन जीप, एक ट्रक आणि एक जुनी काळी विलायती मोटार. त्या चौघींची देखभाल करायला एक रोजंदार मिस्त्री होता. सोनाजी हिवाळे. त्याला सगळे सोनाजी मिस्त्री म्हणत.

माणूस काटकुळा, खांदे पुढे आलेले, खाकी अर्धी चड्डी आणि कधीकाळी पांढरा असलेला सदरा. त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा होता. उजव्या कुशीवर पडून तो डोकं मोटारीच्या मागच्या नळीजवळ नेई, त्यामुळे उजव्या गालाला धूर आणि जमीन दोन्ही लागत.

त्याची पद्धत अशी. मांजरपाटाचा वीतभर पांढरा तुकडा घ्यायचा. हुसेनभाई ड्रायव्हरला गाडी सुरू करायला लावायची. ती तापली की नळीच्या तोंडाशी तुकडा धरायचा आणि मनात वीस मोजायचे. या वीस आकड्यांत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. एकदा मोठ्या साहेबांनी हाक मारली तेव्हाही त्यानं तुकडा न हलवता डावा हात वर करून त्यांना थांबवलं होतं. साहेब थांबले, आणि आपण का थांबलो म्हणून दिवसभर चिडलेले होते. वीस झाले की सोनाजी उठून बसे, तुकडा उन्हात धरून पाही, मग नाकाजवळ नेई, मग दोन बोटांत चोळी. आणि मग निकाल सांगे.

"काळा डाग आहे. पेट्रोल जास्त जाऊन राह्यलं. निळा धूर असता तं ऑइल जळून राह्यलं असतं. पांढरा असन अन् गोडसर वास असन, तं पाणी शिरलं समजा."

तुकड्याच्या कोपऱ्यात तो पेन्सिलीनं गाडीचा नंबर लिही, चिठ्ठीला टाचणीनं टोची आणि माझ्याकडे पाठवी. मीही निमूटपणे फाइलीला लावी. काही महिन्यांनी तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी शेरा मारला की वाहनांच्या फाइलींना वास येतो, कारण कळवावे. मी कळवलं, वाहनांचा. पुढे कोणी विचारलं नाही.

हे नाक तो गवयानं गळा जपावा तसं जपे. विडी नाही, तंबाखू नाही. लग्नात अत्तर लावायला कोणी आलं की हात पाठीमागे. वस्तीतल्या बुद्धवंदनेला तो दाराशी बसे, कारण आत अगरबत्ती असे. त्यावरून वस्तीतल्या पोरांनी त्याला चिडवलं की मिस्त्री, तुम्ही काय अर्धे बाहेरचे आहात का. तो म्हणाला, "नाक बाहेर आहे, बाकी आत आहे."

दिवसभराचं काम झालं की तो खिशातून गुळाचा खडा काढून चघळी. धूर छातीत बसतो आणि गुळानं उतरतो, असं त्याचं म्हणणं. एक खडा मलाही देई.

"मी कुठं धुरात असतो, मिस्त्री?"

"खा बाबूजी. हापिसातबी काही कमी धूर नाही."

तो मूळचा मलकापूरकडच्या धामणगाव बढ्याचा. खामगावला एका मोटारवाल्याच्या गॅरेजात काम शिकला. शिकला म्हणजे तिथं त्याला वरून इंजिनाला हात लावू देत नसत. हत्यारं वेगळी, पाण्याचा डबा वेगळा. पण गाडीखाली चिखलात झोपून सायलेन्सर खोलायला कोणाची हरकत नव्हती. ती जागा इतर कोणाला नकोच होती. आठ-नऊ वर्षं तो गाडीच्या शेपटीशी पडून राहिला आणि पुढे इंजिनात काय बिघडलं ते मागून ओळखायला शिकला. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही तक्रार म्हणून नव्हे.

"वरच्यायले बोनेट उघडून पाहा लागे," तो म्हणाला, "मले तं उघडू देत नसत. मंग मी वासावर चाललो."

त्याचं नाव जिल्ह्यात झालं होतं. एकदा पिंपळगाव राजाचे एक मोठे शेतकरी आपली नवी मोटार घेऊन आले. बरोबर ड्रायव्हर आणि गादीवर अंथरलेली चादर. गाडी चढावर दम सोडते, ही तक्रार. नळीशी कोणी पडायची काय गरज, असं त्यांना वाटलं असावं.

"माझी गाडी धूर सोडत नाही," ते म्हणाले.

"मंग तिचं पोट दुखत असन," सोनाजी म्हणाला आणि आडवा झाला.

वीस मोजून झाले. तुकडा नाकाशी गेला. सोनाजीनं एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर झाडाकडे पाहू लागला.

"काय आहे मिस्त्री?"

"गाडी रॉकेल पिऊन राह्यली, भाऊसाहेब."

"रॉकेल? माझी गाडी? मी पेट्रोलशिवाय काही घालत नाही!"

"तुमी नाही घालत. गाडी पेते."

भाऊसाहेबांनी मान वळवली. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम आला होता. पेट्रोल कोण विकत होतं आणि त्या जागी रॉकेल कोण भरत होतं, हे तिथं सगळ्यांना कळलं. भाऊसाहेब म्हणाले, नाव सांग. सोनाजी हात पुसत म्हणाला, "धुरात नाव येत नाही, भाऊसाहेब. येवढं समजते का, टाकी साफ करा अन् किल्ली आपल्यापाशी ठेवा." ते गेल्यावर मी विचारलं, नाव का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "भाऊसाहेबायले मालूम झालं. डायवरले मालूम झालं. मी कायले तिसरा?"

हा सगळा लौकिक असूनही सोनाजी रोजंदारच होता. दर काही महिन्यांनी त्याच्या नोकरीत खंड दाखवायचा आणि पुन्हा कामावर घ्यायचं, असा रिवाज होता. खंडाच्या दिवसांतही तो येऊन गाडीखाली पडत असे. फक्त कागदावर तो तिथं नसे. त्याला कायम व्हायचं होतं, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोला, पारबताबाईला, त्यानं कायम व्हायला हवं होतं. कायम माणसाला सरकारी खोली मिळे. त्या खोल्या तिनं रस्त्यानं येता-जाता पाहिल्या होत्या आणि तिचं सगळं चित्त त्यांच्या खिडक्यांवर होतं. त्या खिडक्यांना काचा होत्या. बुलढाण्याचं पठार उघडं, थंडीत वारा झोंबतो.

एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं, "काचीतून उजेड येते बाबूजी, अन् वारा येत नाही. आमच्या खोलीत वारा येते अन् उजेड येत नाही. बास, येवढाच फरक आहे."

मी म्हणालो, होईल. हा शब्द त्या काळात मी फार वापरत असे.

आता त्या काळ्या विलायती मोटारीकडे येतो. ती कोण्या एका गोऱ्या अधिकाऱ्यासाठी आलेली होती. गोरा अधिकारी गेला, प्रांत गेला, राज्यं दोनदा बदलली, आणि मोटार राहिली. ती मोठ्या साहेबांची मोटार. साहेब पुण्याकडचे होते. ते शिपायालासुद्धा "तुम्ही" म्हणत, आणि आपण तसं म्हणतो हे सांगतही असत. मोटारीच्या मागच्या गादीवर बसून, काचा वर करून, धूळ न लागता जिल्हा पाहणं त्यांना आवडे.

हुसेनभाईचं डोकं दुखत असे, ही सुरुवात. जीपवर असला की दुखत नसे. काळ्या मोटारीवर घाट उतरून चढून आला की दोन तास डोकं धरून पायरीवर बसे. साहेबांच्या बाईसाहेबांना घाट लागे. राजूरच्या घाटात दोनदा मोटार थांबवावी लागे, त्या उतरून ओकत. एका शिपायालाही एकदा ओकारी आली. सगळ्यांनी घाटाच्या वळणांना दोष दिला. वळणं खात्याच्या अखत्यारीत नव्हती, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

सोनाजी मात्र नळीकडे गेला नाही. त्यानं साहेबांच्या परवानगीनं बोनेट उघडलं आणि तुकडा इंजिनाच्या बाजूला धरला. वीस मोजले. तुकड्यावर मागे पडतो तसा गोल डाग पडला नव्हता. एक बारीक, सरळ, राखाडी रेघ उठली होती, शिसपेन्सिलीनं ओढावी तशी.

त्यानं मला खाली बोलावून ती रेघ दाखवली. इंजिनाच्या सगळ्या नळकांड्यांतला धूर आधी एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागात गोळा होतो आणि मग पाइपातून मागे जातो. त्या बिडाला चीर पडली होती. चिरेतला धूर मागे न जाता पायाशी असलेल्या सडक्या पत्र्याच्या भोकांतून आत, गाडीत येत होता.

"मला तर काही वास येत नाही," मी म्हणालो.

"येत नाही ना? मलेबी नाही येत." एवढ्या वर्षांत त्याच्या नाकाचा त्यानं स्वतः केलेला हा एकच अपमान. "बाबूजी, काळा धूर बोंबलून सांगते. निळा सांगते, पांढरा सांगते. जो काहीच सांगत नाही, त्याले भ्या लागते. खामगावले एक किन्नर, टरकवरचा पोऱ्या, बंद गाडीत निजला होता, गाडी चालू ठेवून. थंडी होती. सकाळी उठलाच नाही. चेहरा असा लाल, जसा आताच हसला आहे."

"मग झाळ मार ना त्याला."

"बिडाले झाळ धरत नाही. इथं तं नाहीच. नवा तुकडा पाहिजे."

नव्या तुकड्यासाठी मी नागपूरला लिहिलं. नागपूरनं कळवलं की ही मोटार आता त्यांच्याकडे नाही, मुंबईला लिहा. मुंबईनं कळवलं की या वर्णनाची मोटार राज्याच्या यादीत नाही, तरी ती आपल्याकडे कशी आली याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. खुलाशाची पोच आली. तुकडा आला नाही. सोनाजीनं तोवर पत्र्याच्या भोकांत गोणपाट आणि चिकणमाती ठोसली. ती घाटातल्या दणक्यांनी गळून पडे आणि तो पुन्हा ठोशी. काचा खाली ठेवा, असं तो हुसेनभाईला सांगे. हुसेनभाई आपल्या बाजूची काच खाली ठेवी. मागच्या काचा साहेबांच्या हातात होत्या.

अशात मंत्री यायचं ठरलं. मलकापूरपर्यंत आगगाडीनं आणि तिथून घाट चढून बुलढाण्याला मोटारीनं. कमानी उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागला. मला भाषण लिहायला सांगण्यात आलं, आणि सोनाजीला काळी मोटार प्रवासास योग्य असल्याचा दाखला लिहायला सांगण्यात आलं. माझं भाषण पहिल्याच फटक्यात पसंत पडलं.

सोनाजीनं लिहिलेला दाखला माझ्यापुढं आला. त्यावर दोन ओळी होत्या. "गाडी चालते. माणसं बसवू नये." खाली सही, आणि टाचणीनं टोचलेला रेघेचा तुकडा.

साहेबांनी तो तुकडा टाचणीसकट उपसून टेबलाच्या कडेला ठेवला.

"मिस्त्री, तुम्ही स्वतःला कोण समजता?"

"मिस्त्री समजतो, साहेब."

"मी या मोटारीत रोज बसतो. मला काही झालं आहे का?"

सोनाजीनं थोडा विचार केला. "तुमी कचेरीतून बंगल्यावर जाता, साहेब. थे काही दूर नाही, अन् दौरा पठारावरचा. घाटात इंजिनाले जोर लागते, धूर वाढते. अन् काचा बंद."

"मंत्र्यांना जीपमधून आणू? धुळीत?"

"धुळीनं माणूस मरत नाही, साहेब."

साहेबांनी दुसऱ्या तालुक्यातल्या एका खाजगी गॅरेजवाल्याकडून दाखला आणवला. त्यानं मोटारीचं तोंडही न पाहता ती उत्तम असल्याचं लिहून दिलं. अक्षर सुंदर होतं.

ज्या दिवशी मोटार मलकापूरला जायची, त्या सकाळी मी कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. मोटार धुऊन पुसून लखलखत होती, समोर झेंडा लावलेला. सोनाजी मागच्या दारात वाकून पेचकसानं काहीतरी करत होता. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. सरळ झाला तेव्हा त्याच्या सदऱ्याचा खिसा खाली ओढला गेलेला दिसला.

"काय करून राह्यला, मिस्त्री?"

"हवा पाहून राह्यलो, बाबूजी."

मागच्या दोन्ही काचा तळापर्यंत खाली गेल्या होत्या आणि त्या वर करायची दोन्ही हँडलं दारांवर नव्हती. मी हे पाहिलं. मी कमानीचं काम बघायला निघून गेलो.

दुपारी मंत्री आले. बँड वाजला. मोटारीचं दार उघडलं आणि आतून पीठगिरणीतून बाहेर पडावा असा एक माणूस उतरला. टोपी, भुवया, मिशा, सगळं एका रंगाचं. ओवाळणाऱ्या बायका क्षणभर ताट धरून तशाच उभ्या राहिल्या, कारण कुंकू नेमकं कशावर लावावं ते कळेना. पाठोपाठ आमचे साहेब उतरले. तेही तसेच. दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा हुद्द्यातला फरक दिसत नव्हता.

मंत्री मात्र मुरलेले होते. माझं छापील भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आज मी तुमच्या जिल्ह्याच्या मातीत न्हाऊन आलो आहे." प्रचंड टाळ्या पडल्या. त्या सभेत टाळ्या मिळालेलं तेवढं एकच वाक्य. अनाम माणसांच्या कष्टांबद्दल मी लिहिलेला परिच्छेद वाचला गेला नाही. सोनाजी सभेला नव्हता. तो मोटारीतली माती झाडत होता.

सोमवारी त्याला साहेबांच्या खोलीत बोलावलं. मी फाइल घेऊन बाजूला उभा.

"मिस्त्री, हँडलं कुठं आहेत?"

"हरवले, साहेब."

"दोन्ही?"

"हाव साहेब."

"एकाच वेळी?"

"जोडीनं होते."

साहेबांनी माझ्या हातातली फाइल घेतली आणि उघडून त्याच्यापुढं धरली. तिच्यात सोनाजीला कायम करण्याचा प्रस्ताव होता. मीच तयार केलेला, सगळं जुळवून, खंडांचे दिवस धरून-सोडून. फक्त सही बाकी होती.

"हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, साहेब."

"मी सूडबुद्धीचा माणूस नाही. हँडलं आणून बसवा. मी इथं सही करतो. आजच."

सोनाजीनं फाइलीकडे पाहिलं. त्याला वाचता येई, पण तो वाचत नव्हता. नुसता पाहत होता. मला पारबताबाईच्या खिडकीची आठवण झाली. त्यालाही झाली असणार. माझ्यापेक्षा त्याला ती जास्त वेळा ऐकायला लागत होती.

"साहेब," तो म्हणाला, "बिडाचा तुकडा आला का हँडल सापडतीन."

"आणि नाही आला तर?"

"तं नाही सापडनार."

साहेबांनी फाइल मिटून माझ्याकडे दिली आणि शेरा सांगितला. मी तो माझ्या हातानं लिहिला. "सरकारी मालमत्तेबाबत जबाबदारीची जाणीव नाही. तूर्त विचार नको." माझं अक्षरही काही वाईट नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो. म्हणालो, देऊन टाकायची होतीस, पुढचं पुढं पाहिलं असतं. पकडीनं फिरवूनही काच वर होतेच ना? तो म्हणाला, "होते. पण हे हुसेनभाईले मालूम आहे, मले मालूम आहे, अन् आता तुमाले." हुसेनभाईनं ते कधी कोणाला सांगितलं नाही. त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं.

त्या जुन्या मोटारीची हँडलं बाजारात मिळणं शक्य नव्हतं. तिच्या मागच्या काचा पुन्हा कधीच वर झाल्या नाहीत. साहेब धूळ खात जिल्हा पाहू लागले आणि पुढे पुढे कमी पाहू लागले. बाईसाहेबांना घाट लागायचा बंद झाला. त्याचं श्रेय एका ओळखीच्या बाईंनी दिलेल्या आल्याच्या वड्यांना मिळालं. त्या वड्या मग कचेरीतल्या सगळ्यांच्या बायकांनी करून पाहिल्या. मी हे सोनाजीला सांगितलं तेव्हा तो फार वेळ हसला आणि हसता हसता खोकत बसला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "आलं काही वाईट नसते."

जे घडलं नाही त्याचा पंचनामा होत नाही. कोणी मेलं असतं तर सोनाजी खरा ठरला असता. कोणी मेलं नाही, म्हणून तो हँडलं हरवणारा मिस्त्री राहिला. साहेब बदलून गेले. पुढच्या साहेबांपुढे मी प्रस्ताव ठेवला, त्याच्या पुढच्यांपुढेही ठेवला. तीन वेळा टिपणी लिहिली, आणि तीनही वेळा वरून तीच मागची नोंद दाखवून प्रस्ताव परत आला. ती नोंद माझ्याच अक्षरात होती. माझं अक्षर ओळखून एका साहेबांनी मला विचारलं, "तुम्हीच लिहिलंय ना हे? मग आता मत का बदललं?" मी म्हणालो, अनुभवांती. त्यांनी ते मान्य केलं नाही.

शेवटी काळी मोटार लिलावात गेली. घेणाऱ्याला सोनाजीनं आधीच बाजूला घेऊन चिरेची हकीकत सांगितली. त्या माणसानं इंजिन काढून आपल्या विहिरीवरच्या पंपाला जोडलं. सोनाजीनं मुद्दाम जाऊन पाहिलं आणि येऊन मला सांगितलं, "आता ठीक आहे. मोकळ्या हवेत आहे. किती का फुकेना."

काही वर्षांनी वय झालं म्हणून त्याला येऊ नको असं सांगण्यात आलं. रोजंदार असल्यामुळे निरोपसमारंभ नव्हता. त्या दिवशी त्यानं मला गुळाचा खडा दिला, आणि उरलेला मांजरपाट कपाटात ठेवून जावं की घेऊन जावं असं विचारलं. मी म्हणालो, घेऊन जा. नवा मिस्त्री आला तो नळीत बोट घालून पाही. फाइलींचा वास हळूहळू गेला.

मी निवृत्त झाल्यावर एका लग्नाच्या निमित्तानं धामणगाव बढ्याला गेलो, तेव्हा त्याचं घर विचारत विचारत पोचलो. तो अंगणात होता, आणि अर्थातच आडवा होता. पुतण्याची फटफटी सुरू होती आणि नळीशी पांढरा तुकडा धरलेला. पुतण्या कंटाळून गाडीला टेकून उभा होता. मी बोललो नाही, मनात मोजत राहिलो. विसाला तो उठला, तुकडा उन्हात धरला. नाकाजवळ नेला नाही.

"बाबूजी! या, या. काऊन उभे राह्यले?"

छाती वाजत होती. उजवा गाल आता डाव्यासारखाच झाला होता. बाजेवर बसल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, "नाक गेलं, बाबूजी. पार गेलं. आता निसतं पाहतो."

"कधीपासून?"

"थे समजलं नाही. समजाले नाक लागते."

आतून दूध करपल्याचा वास येत होता. मला आला, त्याला नाही. मी सांगणार तोच मागच्या दारानं आत आलेली पारबताबाई ओरडली, "अहो, बसले तसेच! सारं उतू गेलं अन् माणसाले पत्ता नाही!" आणि मग मला पाहून, पदर सावरत, "तुमी आले काय बाबूजी? आता काळा चहा प्या लागन."

मी म्हणालो, चालेल. तिनं मला खोलीबद्दल काही विचारलं नाही. मी जे होईल म्हणालो होतो त्याबद्दलही विचारलं नाही. चहा झाला, गूळ झाला. मी निघताना टोपी घ्यायला आत गेलो. ती पारबताबाईनं दारामागच्या खुंटीवर अडकवली होती. खुंटी म्हणून भिंतीत एक चकाकतं, वळणदार लोखंड ठोकलेलं होतं. ते मी लगेच ओळखलं.

त्याचा जोडीदार खिडकीच्या चौकटीवर, हाताला येईल अशा उंचीवर, नीट स्क्रूनं बसवलेला होता. मी ते हँडल धरून फिरवून पाहिलं. दोन्हीकडे अगदी हलकं फिरत होतं, वेळच्या वेळी तेल घातलेलं असावं. त्यानं वर-खाली काही होत नव्हतं. खिडकीला काच नव्हती.